विकायचं, ठेवायचं

भाडं. महिन्याला साडेचार हजार, म्हणजे वर्षाचे 54 हजार. पुण्यातल्या धायरीत आतल्या बाजूला, एका गॅरेजच्या मागची पत्र्याची शेड. यादीत सगळ्यात वर तिचं भाडं लिहिलं, कारण मी महिनाभर तिकडे फिरकले नाही तरी हा खर्च होतोच. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून घर एका पगारावर चाललंय. गृहकर्जाचा हप्ता आहे, मुलीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष आहे. लाकूडकामाचा छंद चालू ठेवायचा की सोडायचा, हे मला घरात कुणी विचारलं नाही. पण हिशेबाला बसलं की त्या एका ओळीवर सगळ्यांची नजर अडखळायची आणि पुढे जायची. शेवटी मीच वेगळं पान घेतलं आणि शेडमधली एकेक वस्तू लिहून काढली. काही विकायच्या, काही ठेवायच्या, आणि काही अशा, की ज्या मी ठेवल्या काय नि विकल्या काय, बाजारातून आणि माणसांच्या हातातून चालल्याच आहेत.

शेड सोडली. अनामत परत मिळाली.

टेबल सॉ. दहा इंची पात्याचा, घेतला तेव्हा 28 हजारांचा. किचन ट्रॉलीची कामं करणाऱ्या एका तरुणाने 15 हजारांना नेला. शेड गेली म्हणजे तोही जाणार हे उघड होतं. फ्लॅटमध्ये त्याचा आवाज आणि भुसा कोण चालवून घेईल? सहा फुटी फळी लांबीतून चिरणं हे त्याच्यावर दोन मिनिटांचं काम होतं. हातकरवतीने त्याला अर्धा तास लागतो, आणि दुसऱ्या दिवशी खांदा बोलतो.

राउटर आणि बिट्सचा डबा. त्याच तरुणाला.

ड्रिल मशीन ठेवलं. ते घराला लागतंच.

सागवान. इथे जरा थांबते.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मला शेवटचा सांगितलेला भाव घनफुटाला चार हजार. ज्यांनी कधी लाकूड विकत घेतलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: एक घनफूट म्हणजे एक इंच जाड, एक फूट रुंद आणि बारा फूट लांब फळी. जेवायला बसायचा साधा पाट, 18 इंच लांब, 12 इंच रुंद, इंचभर जाड, हा घनफुटाचा आठवा हिस्सा. म्हणजे नुसतं लाकूड पाचशे रुपयांचं. त्यात रंधताना आणि कापताना जे वाया जातं ते वेगळं. लहानसा देव्हारा करायला घेतला तर एक-दीड घनफूट कुठे गेलं कळत नाही.

वखारीत चांगल्या सागाला अजून 'सीपी' म्हणतात. तो सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रांत कधीच इतिहासजमा झाला, पण लाकडाच्या बाजारात त्याची हद्द शाबूत आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला हा साग बल्लारशाच्या आगारातून लिलावाने निघतो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये लाकूड गेलं ते तिथूनच. तसल्या लाकडाची फळी हातात घेतली की वजन आधी कळतं, मग वास. कापल्यावर हाताला किंचित तेलकट लागतं. ते अंगचं तेल आहे म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. आता वखारीत शेजारी इक्वेडोर, पनामा आणि घानाचा सागही रचलेला असतो. तोही सागच, पण लागवडीतला, कमी वयात तोडलेला. आडव्या कापावर वर्तुळं लांब लांब दिसतात आणि रंगही फिका. त्याला नावं ठेवायचं मला कारण नाही, माझ्यासारख्यांना परवडावा म्हणूनच तो इतक्या लांबून आलाय. पण सध्या मला तोही परवडत नाही.

नवीन सागवान बंद. हे लिहिलं आणि खाली रेघ मारली. घरात आहेत त्या चार फळ्या आहेत.

पाईनची खोकी. चाकण आणि भोसरीकडे कारखान्यांत यंत्रं ज्या पेट्यांतून आणि पॅलेटांवरून येतात, त्या नंतर भंगारवाल्याकडे जातात. किलोवर मिळतात. लाकूड मऊ, गाठींचं, पण सरळ. ते घेताना एक गोष्ट बघावी. परदेशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यात 'एचटी' असेल तर लाकडातली कीड उष्णतेने मारलेली आहे, ते बेलाशक घ्यावं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते फुकट मिळालं तरी घरात आणू नये, आणि त्याचा पाट किंवा खेळणं तर मुळीच करू नये. खिळे उपटायला निम्मा दिवस जातो. पण माझ्याकडे रविवार आहे, पैसे नाहीत, त्यामुळे हा व्यवहार मला जमतो.

वाड्यांचं लाकूड. याची यादी करायची म्हणजे संपत आलेल्या गोष्टीचीच यादी. 12 जुलै 1961ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पडले किंवा खिळखिळे झाले. उरलेले पुढच्या साठ वर्षांत एकेक करून बिल्डरकडे गेले. प्रत्येक वाड्यातून तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या, दारांच्या चौकटी निघाल्या. शनिवारवाड्याला सागवान जुन्नरच्या रानातून आलं असं सांगतात. साध्या वाड्यांचं कुठून आलं त्याची नोंद कुणी ठेवली नाही, पण फळीवरची वर्तुळं बघितली की झाड किती सावकाश वाढलं होतं ते समजतं. काही तुकड्यांवर एका इंचात ती नखानेही मोजता येत नाहीत.

असा एक तुकडा कसा दिसतो ते सांगते. बाहेरून काळा, धुराने आणि तेलाच्या हातांनी. त्यावर चुन्याचे थर, एखादा निळा ऑइलपेंट. आधी चुंबक फिरवायचं, कारण आत लोहाराने ठोकलेले चौकोनी खिळे तुटून राहिलेले असतात, आणि त्यातला एक जरी रंध्याला लागला तरी पात्याला खाच पडते. मग तारेच्या ब्रशने माती काढायची. मग रंधा. पहिल्या दोन हातांना नुसती काजळी निघते. तिसऱ्याला एका कडेला मधासारखा पट्टा उघडतो आणि खोलीभर वास सुटतो, आज तोडल्यासारखा ताजा. दीडशे वर्षं वरच्या अंगाला धूर खात बसलेलं लाकूड आत असं असतं, यावर विश्वास बसत नाही.

हे लाकूड पूर्वी स्वस्त होतं. आता जुन्या लाकडाचे व्यापारी खांब आणि दारं अख्खी ठेवतात. ती कोकणातल्या रिसॉर्टांना, गोव्यातल्या हॉटेलांना जातात, आणि भाव नव्या सागाच्या वर असतो. माझ्या वाट्याला पोत्यात भरलेले तुकडे येतात: कठड्याचे मोडके गज, चौकटीचे कान, फुटभर लांबीच्या कडा. त्यांत लाटणं होतं, पोळपाटाचे पाय होतात, डबीचं झाकण होतं. एवढं पुष्कळ आहे.

करवती. तीन ठेवल्या, दोन दिल्या. ज्या दिल्या त्या नव्या होत्या आणि ज्या ठेवल्या त्या जुन्या, हे ऐकून मैत्रिणीला नवल वाटलं. नव्या करवतीच्या दात्यांची टोकं बघितली तर निळसर-काळी दिसतात. कारखान्यात ती विजेने क्षणभर तापवून इतकी कडक केलेली असतात की कानस त्यांच्यावर नुसती घसरते. वर्ष-दोन वर्षं ती करवत सुरेख कापते आणि मग टाकून द्यायची. जुन्या करवतीचं पोलाद मऊ असतं. बोथट झाली की फळीत धरायची, तिकोनी कानस घ्यायची आणि एक सोडून एक दाता घासत जायचं. मग करवत उलटी करून राहिलेले दाते. त्यानंतर प्रत्येक दाता आलटून-पालटून डावी-उजवीकडे किंचित वाकवायचा, म्हणजे कापाची फट पात्याहून जरा रुंद पडते आणि करवत लाकडात अडकत नाही. घासताना उजेड खिडकीकडून हवा. बोथट दात्याच्या टोकावर उजेडाचा ठिपका दिसतो. ठिपका गेला की दाता झाला. कानस बोहरी आळीत मिळते, खर्च दोन-चार वडापावांचा.

हे काम करून देणारी माणसं एके काळी प्रत्येक पेठेत होती. करवती, कात्र्या, विळ्या घेऊन बसायची. कात्र्या-सुऱ्यांना धार लावणारा सायकलवाला आमच्या भागात अजून अधूनमधून येतो. करवतीला तो हात लावत नाही.

रंधे, पटाश्या, गुण्या, खतावणी, मोगरी, दोन बाजूंचा धारेचा दगड. यांची किंमत काढायला बसले. जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी हे सगळं घेऊन बसले असते तर जेमतेम चार-पाच हजार आले असते. तेच पुन्हा उभं करायचं तर काही वर्षं बाजार धुंडाळावा लागेल, आणि पटाशीच्या जातीचं पोलाद मिळेलच असं नाही. शिवाय ही हत्यारं ठेवायला काही लागत नाही. एक ट्रंक, थोडं तेल, पावसाळ्यात गंज धरू नये म्हणून कापडाची गुंडाळी. खर्च कुठे आहे आणि कुठे नाही हे असं एकेक वस्तू हातात घेतल्याशिवाय मला कळलं नसतं. 'छंद महागडा आहे' असं आम्ही दोघं सरसकट म्हणत होतो. महाग होती ती जागा, यंत्रं आणि नवं लाकूड.

हे मिस्त्रीकाकांनी एका वाक्यात सांगितलं होतं. पंचाहत्तरीला आले आहेत, माण तालुक्यातले, चाळीस वर्षं पुण्यात फर्निचरची कामं केली. हात आता थरथरतो म्हणून काम सोडलंय. मी हातकरवत धरायला शिकले ती त्यांच्याकडून. घरची परिस्थिती सांगितली तेव्हा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ताई, मशिनी इका. हत्यार इकू नका. हत्यार काय खायाला मागत न्हाई."

मी म्हटलं, "काका, पण वेळ तरी द्यावा लागतोच की."

"मग यळ काय इकत घेतला व्हता का?" म्हणाले.

मिस्त्रीकाकांच्या वडलांचं काम. हे माझ्या यादीत यायचं कारण त्यांनी मला दिलेला बाभळीचा ओंडका, त्याबद्दल पुढे लिहिते. वडील गावचे सुतार, बलुत्यावर काम. नांगर, पाभर, कुळव, आणि मुख्य म्हणजे बैलगाड्या. चाकाचा मधला तुंबा, आरे, पुठे, सगळं बाभळीचं. तुंब्यात आऱ्यांसाठी साली, म्हणजे खाचा, पाडायच्या, आऱ्याच्या टोकाला कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, काढायचं, आणि खिळा न मारता ते एकमेकांत बसवायचं. मग धाव. लोखंडी धाव मुद्दाम चाकाहून जराशी आखूड करायची, गोवऱ्यांच्या आरात लाल तापवायची म्हणजे ती फुगते, तापलेली असतानाच चाकावर चढवायची आणि वरून घागरींनी पाणी ओतायचं. ती आवळत गेली की सगळे सांधे कडकड वाजत घट्ट बसतात. "गाव बघायला जमायचं," काका म्हणाले. पाणी ओतायचं काम पोरांचं, त्यात ते स्वतः असायचे. मग रबरी टायरची गाडी आली, मग ट्रॅक्टर. काका पुण्याला आले तेव्हा वडलांना म्हणाले होते, सनमायका चिकटवायलाही सुतारच लागतो. ते खरं होतं, तीस-पस्तीस वर्षं तरी.

तो सांधा, साल आणि कुसू, मी आजही करते. चाकाचा नाही, स्टुलाचा. सालीत कुसू हाताच्या दाबाने तीन हिस्से आत जावं आणि शेवटच्या हिश्शाला मोगरी लागावी. एकाच ठोक्यात सगळं आत गेलं तर सांधा सैल आहे, आणि सुरुवातीलाच अडलं तर ठोकून लाकूड फाटेल. मधल्या त्या जागेसाठी पटाशीने कागदाइतकी पातळ ढलपी काढत जावं लागतं. हे करत असताना मला हप्ता आठवत नाही. एवढ्यासाठी साडेचार हजार भाडं देणं बरोबर नव्हतं, पण हे एवढं फुकट मिळत असेल तर ते सोडणंही बरोबर नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

सूत. इंचाचा आठवा हिस्सा. देशात मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला, पण सुताराच्या तोंडी 'पावणेदोन फुटाला दोन सूत कमी' हे अजून आहे. प्लायवूडच्या एकाच तावावर दोन्ही राज्यं नांदतात: लांबी-रुंदी 8 बाय 4 फूट, जाडी 18 मिलिमीटर. नव्या पोरांच्या टेपवर ते मिलिमीटरच बघतात, आणि ते सोपंही आहे. काकांची घडीची लाकडी फूटपट्टी माझ्याकडे आहे. तिच्या एका सांध्यातली पितळी बिजागरी ढिली आहे, त्यामुळे लांब मापात ती अर्धं सूत खोटं बोलते. ठेवली.

सरस. माझ्याकडे नाही, मी कधी वापरला नाही, तरी लिहिते. जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून केलेला डिंक. रात्री भिजत घालायचा, सकाळी पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून पातळ करायचा, गरम असतानाच लावायचा. वास असा यायचा, काका सांगतात, की सुतार कुठल्या घरी आलाय ते गल्लीच्या तोंडालाच कळायचं. 1959मध्ये फेव्हिकॉल आलं आणि हा सगळा खटाटोप संपला. कोण पुन्हा चुलीवर डिंक शिजवेल? मीही फेव्हिकॉलच वापरते. पण सरसाचा एक गुण त्याच्याबरोबर गेला: वाफ दिली, गरम पाणी लावलं की सांधा सुटायचा. म्हणून शंभर वर्षांची खुर्ची मोकळी करता येते, मोडका दांडा बदलून पुन्हा जोडता येते. आजची खुर्ची सांध्यात मोडली तर बहुधा लाकडासकटच फाटते.

चपडा. ही मात्र डबाभर आहे. पळस, बोर, कुसुमाच्या झाडावर लाखेचे किडे जे करतात त्याच्या पातळ पापड्या. स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाचा बोळा सुती कापडात गुंडाळून, हात गोल फिरवत थरावर थर. मेलामाइन आणि पीयूचं पॉलिश आल्यावर हा पॉलिशवाला दिसेनासा झाला, कारण त्याला दिवसच्या दिवस लागत. चपड्यावर चहाचा गरम कप ठेवला तर पांढरं वर्तुळ उमटतं हे खरं. पण तोच बोळा पुन्हा फिरवला की ते बहुतेक वेळा जातंही. शिवाय त्याला पंप लागत नाही, कॉम्प्रेसर लागत नाही, गॅलरीत बसून होतं. यंत्रं विकल्यावर मी ज्या वस्तूंकडे परत आले त्या सगळ्या अशा आहेत.

कार्यानुभवाचा तास. कोठारी आयोगाने 1964 ते 66 च्या अहवालात शिफारस केली आणि तो आमच्या वेळापत्रकात आला. त्याआधी 1937मध्ये वर्ध्याला नयी तालीम मांडली गेली, तिच्या हस्तव्यवसायांत सुतारकाम होतं. आमच्या शाळेत तो तास पुठ्ठ्याची पाकिटं आणि खडू करण्यात जायचा. शेजारच्या तांत्रिक विद्यालयात लाकडाची कार्यशाळा होती, ओळीने बाकं, प्रत्येक बाकाला शिकंजा. आम्ही मुली खिडकीतून बघायचो. मी चाळिशीत करवत धरली. तेराव्या वर्षी धरायला मिळाली असती तर पुष्कळ आधी हाताला वळण लागलं असतं. ज्या शाळांत अशी बाकं अजून असतील त्यांनी ती संगणककक्षासाठी भंगारात काढू नयेत, एवढं मला अगदी मनापासून सांगायचं आहे. दोन्हीला जागा होते.

'विकत का नाहीस?' हा प्रश्न यादीत वस्तू म्हणूनच घालते, कारण तो दर आठवड्याला कुणीतरी घरी आणून ठेवतं. पाट कर, लाटणी कर, ऑनलाइन विक. मी हिशेब केला. हाताने केलेल्या पाटाला लाकूड, दोन दिवस, पॉलिश. बाजारात रबरवुडचा यंत्रावर केलेला पाट माझ्या लाकडाच्या किमतीत तयार मिळतो. त्याच्याशी स्पर्धा करायची तर पुन्हा यंत्र, पुन्हा शेड, पुन्हा भाडं. ज्यांचं पोट यावर आहे त्यांना ते करावं लागतं आणि ते माझ्याहून कितीतरी चांगलं करतात. माझं पोट यावर नाही, आणि ते यावर आणायचं नाही, हेही एक ठरवणंच आहे. दुरुस्ती मात्र करीन. हलणारी खुर्ची, निसटलेलं बिजागर, फुगलेलं दार. ही कामं लहान म्हणून हल्ली कुणी मिस्त्री येत नाही, आणि लोक चांगली खुर्ची भंगारात देतात.

पांगुळगाडा. अर्धवट. मामेभावाच्या नातवासाठी. तीन चाकं, एक दांडा, त्यावर धरून मूल पाऊल टाकतं. चाकं वाड्याच्या तुकड्यातली, सांगाडा पॅलेटच्या पाईनचा, 'एचटी' शिक्का बघून घेतलेला. पूर्ण करायचा.

ठकी. लाकडी बाहुली, सपाट पाठीची, आजीच्या माहेरची. मी केलेली नाही, जुनी आहे. विकण्याचा प्रश्न नाही. नमुना म्हणून ठेवली आहे.

खंडेनवमी. दर वर्षी पाटावर हत्यारं मांडते, झेंडूची फुलं वाहते. गेल्या वर्षी टेबल सॉला हार घालायला मुलगी शेडवर आली होती. यंदा सगळं गॅलरीतल्या एका पाटावर मावेल.

आता शेवटची वस्तू, जिच्यावर मी सर्वांत जास्त दिवस अडले.

रेकॉर्डचा सात नंबरचा रंधा. शेफील्डची घडण, 22 इंच लांब, ओतीव लोखंडाचा. जुन्या बाजारात गंजाच्या थराखाली सापडला होता. गंज काढला, तळ काचेवर घासून सपाट केला, पात्याला धार दिली. फळीची कड सरळ करायला याच्यासारखं दुसरं काही नाही. लांबीमुळे तो खड्ड्यांत उतरत नाही, उंचवटेच कापत जातो, आणि शेवटी टोकापासून टोकापर्यंत एक अखंड ढलपी निघते तेव्हा कड सरळ झाली असं समजायचं. माझ्या सगळ्या हत्यारांत पैसे येतील असं हे एकच. जुनी हत्यारं जमवणाऱ्या एका गृहस्थांनी फोटो बघून नऊ हजार सांगितले. मिस्त्रीकाकांचं म्हणणं हत्यार विकू नका. नवरा म्हणाला, तो राहू दे, मी काहीतरी बघतो. तो गेलं वर्षभर काहीतरी बघतोच आहे, आणि माझा रंधा वाचवायचा भार त्याच्यावर टाकणं मला नको होतं.

विकला. नऊ हजारच आले. त्यातले सात मुलीच्या हॉस्टेलच्या मेसला गेले, दोन विजेच्या बिलाला आणि किराण्याला. गृहस्थ चांगले होते, रंधा घेताना आधी तळावर बोट फिरवून बघितलं. वापरणार नाहीत, कपाटात ठेवणार, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. ते मला लागलं.

मग काकांनी तो बाभळीचा ओंडका दिला. वडलांनी गाडीच्या कामासाठी कापून ठेवलेला, कधी वापरलाच गेला नाही. इतकी वर्षं वाळलेली बाभूळ म्हणजे पटाशीची परीक्षा. त्याचा लांब रंधा करायला घेतलाय, काका शेजारी स्टुलावर बसून सांगतात तसा. लांबी तीच, 22 इंच. पातं त्यांचं जुनं, जाड, लोहाराकडचं. ते बसेल ती उतरण 45 अंशांची. तळाचं तोंड अर्ध्या सुताहून जास्त उघडं ठेवायचं नाही, नाहीतर आडव्या रेषांचं लाकूड उचकटतं. पाचर शिसवीची, वाड्याच्या पोत्यात एक तुकडा निघाला त्याची. लाकडी रंध्याला फिरकी नसते. पातं खाली सरकवायचं तर त्याच्याच डोक्यावर हातोडीने हलकं टिचकवायचं, वर घ्यायचं तर रंध्याच्या मागच्या टोकाला. "कानानं कळतं," काका म्हणतात. पातं पक्कं बसलं की ठोक्याचा आवाज बदलतो.

दसऱ्याच्या आत तो चालता झाला तर पहिलं काम ठरलेलं आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं दार पावसाने फुगलंय, चौकटीत अडतं, त्या रोज खांदा लावून उघडतात. दोन कडा, एक-दीड तासाचं काम. पैसे देईन म्हणाल्यात. घेणार आहे.